दुसरी खुर्ची

जुन्या लग्नांचे फोटो पाहताना माझं लक्ष आधी खुर्चीकडे जातं. नवरा तीत ऐटीत बसलेला असतो आणि नवरी शेजारी मान खाली घालून उभी असते. पुढचं सगळं आयुष्य कुणी कसं काढायचं, ते त्या स्टुडिओतच ठरून जात असावं.

माझ्या आत्याच्या फोटोत मात्र दोघंही बसलेली आहेत. फोटोग्राफरनं तिला उभं राहायला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "दुसरी खुर्ची आणा. सकाळपासून मी उभीच आहे."

"आमच्यात नवरी बसत नाही," सासूबाई म्हणाल्या.

"मग फोटो नको."

शेवटी फोटोग्राफरनं आतून लोखंडी घडीची खुर्ची आणली. आत्या बसली आणि तिनं सरळ कॅमेऱ्याकडे पाहिलं.

सासरच्यांनी तो फोटो बैठकीत लावू दिला नाही. आत्यानं स्वयंपाकघरात स्वतः खिळा ठोकून तो लावला.

"तेव्हा भीती नाही वाटली?" मी एकदा तिला विचारलं.

"वाटली ना," ती म्हणाली. "पण ती उभी राहूनही वाटलीच असती."