थंडेभाऊंची कोरी नोंदवही

थंडेभाऊ संगणकाला प्रथम मागच्या बाजूने हात लावीत, लेकराचा ताप पाहावा तसा. "अंग गार आहे, जाऊ द्या," म्हणत आणि पुढच्या टेबलाकडे वळत. नागपूरच्या नंदनवन भागातल्या आमच्या नकाशा-कार्यालयात संगणकांची देखभाल त्यांच्याकडे होती. ते कंजूष होते आणि अधिक पगारासाठी बुटीबोरीच्या कारखान्यात पळाले, असे माझे जुने सहकारी देशकर यांनी परवा निवृत्तांच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिले. दोन्ही विधाने खोटी आहेत. रेखाटन विभागाचा प्रमुख मी होतो, देशकर नव्हते.

नकाशे काढणाऱ्या प्रत्येकाला चार मॉनिटर लागत. थंडेभाऊंनी त्यासाठी लहानसे ग्राफिक्स कार्ड निवडले. चारही पडदे चालवणारे, वीज जेमतेम खाणारे, वेगळी वायर न मागणारे. "चाळीस मशीनी आहेत साहेब. मे महिन्यात आपल्याले नकाशे काढाचे आहेत, शेगड्या नाही पेटवाच्या." त्या कार्डांनी नागपूरचे सहा उन्हाळे तक्रारीविना काढले. देशकरांना एकही तसा काढता आला नाही.

मग नवे व्यवस्थापक आले. त्यांचे काम पत्रे वाचण्याचे. त्यासाठी त्यांनी तीन पंख्यांचे, रंगीत दिव्यांचे, खेळांसाठीचे अवाढव्य कार्ड मागवले. थंडेभाऊंनी सर्वांदेखत विचारले, "काहून जी साहेब, पत्र वाचाले इतकी रोषणाई लागते का?" सगळे हसले. व्यवस्थापक तेवढे हसले नाहीत.

आठवड्याभरात त्यांनी तक्रारींची नोंदवही मागवली. ती कोरी होती. तक्रार नाही म्हणजे काम नाही, काम नाही म्हणजे माणूस नको. इतका निर्दोष तर्क मी अन्यत्र पाहिलेला नाही.

नोकरी संपवण्याच्या टिपणीवर विभागप्रमुखाची सही हवी होती. ती घेऊन थंडेभाऊ स्वतःच माझ्याकडे आले.

"यात तुमचा उपयोग नाही असे लिहिले आहे," मी म्हणालो.

"दोन-चार मशीनी बंद पाडल्या असत्या तर राहिलो असतो. मले जमलं नाही." मग हळूच म्हणाले, "साहेब, पोरीचं बारावीचं वर्ष आहे. मशीनी काहून बंद पडत नव्हत्या, ते दोन ओळीत लिहून द्याल का?"

टिपणीच्या समासात दोन ओळींपुरती जागा होती. व्यवस्थापकांच्या खोलीचे दार उघडे होते.

तेव्हा देशकर, ते पळाले नाहीत. त्या टिपणीचा समास कोरा आहे, खाली माझी सही आहे, आणि न वाचता मी आयुष्यात कशावरही सही केलेली नाही.