एक जूनच्या दोघी

मी मुळातच भित्री. घराला कुलूप लावून जिना उतरले तरी गॅस बंद केला की नाही हे बघायला परत वर जाणारी. नवरा म्हणतो, तुला हॉस्पिटलात नोकरी देणाऱ्यांच्या धाडसाची कमाल आहे. तसं माझं काम रक्ताबिक्ताचं नाही. धुळ्यातल्या एका हॉस्पिटलात मी संगणकाच्या खोलीत बसते. बाहेरच्या लॅबमधून रुग्णांचे रिपोर्ट संदेश होऊन येतात आणि त्यांची मांडणी बरोबर आहे का, हे एक प्रोग्रॅम तपासतो. संदेश म्हणजे उभ्या रेघांनी तोडलेली एक लांबलचक ओळ. नाव, जन्मतारीख, कोणती तपासणी, किती आकडा. तारखेच्या जागी तारीख हवी, आकड्याच्या जागी आकडा. चुकलं की लाल, जमलं की हिरवं. लाल दिसलं की मी लॅबवाल्यांना फोन करून त्यांचं डोकं खाते. हिरवं दिसलं की मला हायसं वाटायचं. माझ्यासारखीला निर्धास्त करणारी दिवसभरात तेवढी एकच गोष्ट होती.

त्या सकाळी माझी आईच आमच्याकडे दाखल होती, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. भाऊ तिला पिंपळनेरहून एसटीने घेऊन आला होता. आईचा डायबेटिस जुना आणि जिभेवर ताबा नाही. साखर जास्त निघाली तर ऑपरेशन पुढे ढकलू, असं डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. म्हणून तिचा रिपोर्ट आल्या आल्या मी उघडला. साखर अगदी नॉर्मल, आणि संदेशापुढे हिरवी खूण. मी आनंदाने भावाला फोन लावला.

"कसं शक्य शे, ताई?" तो म्हणाला. "काल तिनी बाजारमा गपचूप जिलबी खादी. मी सोता देखं."

मी फोन ठेवला. आईची साखर इतकी शहाण्यासारखी कधीच वागली नव्हती. मग हा रिपोर्ट कुणाचा, आणि तिचा कुठे गेला?

मी संगणकात आईचं नाव टाकलं. दोन बायका निघाल्या. नाव तेच, आडनाव तेच, दोघी साक्री तालुक्यातल्या, आणि दोघींची जन्मतारीख एक जून. सालसुद्धा एकच. आमच्याकडे त्या पिढीतली निम्मी माणसं एक जूनला जन्मलेली आहेत. पोराला शाळेत घालायला नेलं की मास्तर अंदाजाने वय धरायचे आणि एक जून लिहून मोकळे व्हायचे. एक जूनला गावभर केक कापावे लागतील, अशी थट्टा आम्ही घरात कितीदा केली असेल.

त्या दिवशी हसू आलं नाही. लॅबच्या संदेशात रुग्णाच्या नंबराची जागा रिकामी होती. नंबर सक्तीचा नव्हता, त्यामुळे प्रोग्रॅमला तो नसला तरी चालायचं. नंबर नाही म्हणून हॉस्पिटलच्या संगणकाने नाव आणि तारीख जुळवली. पहिला रिपोर्ट जी आधी सापडली तिला चिकटवला, दुसरा उरलेलीला. आईची तीनशेच्या वर गेलेली साखर त्या दुसऱ्या बाईच्या फायलीत जाऊन बसली होती. ती बाई तापासाठी आलेली. तिला डायबेटिस नव्हताच. आणि रिपोर्टखाली डॉक्टरांनी इन्सुलिन लिहिलं होतं.

साखर चांगली असलेल्या माणसाला तेवढं इन्सुलिन टोचलं तर काय होतं, हे इथे राहून मला ठाऊक झालं होतं. माणूस बेशुद्ध पडतो, कधी उठतही नाही. मी वॉर्डात फोन लावला, तो कुणी उचलेना. लिफ्ट वरच अडकलेली. मी जिन्याने धावले. खरं सांगते, जन्मात इतकी घाबरले नव्हते. डोक्यात एकच, टोचलं असेल का.

सिस्टर इंजेक्शन भरून त्या बाईच्या खाटेपाशी उभ्या होत्या.

"सिस्टर, थांबा. तो रिपोर्ट यांचा नाही."

"संगणकात यांच्याच नावावर आहे. डॉक्टरांनी बघून लिहिलंय," त्या म्हणाल्या. "आणि तुमच्याकडूनच पास होऊन येतं ना हे?"

ते खरंच होतं, आणि ते ऐकून मला रडू फुटलं. "मांडणी पास होते, सिस्टर. माणूस नाही. एकदा बोट टोचून बघा, मग काय ते करा."

त्यांनी कपाळाला आठी घातली, पण इंजेक्शन ट्रेमध्ये ठेवलं. बाईच्या बोटातून थेंब काढून पट्टीवर घेतला. यंत्रावर आकडा येईपर्यंत मी आठवतील तेवढे देव आठवून घेतले. साखर नॉर्मल होती. सिस्टरांनी ट्रे उचलून खाटेपासून लांब नेला, क्षणभर भिंतीला टेकल्या, आणि मग डॉक्टरांना फोन लावला. आईचं ऑपरेशन थांबवायचा निरोपही त्यांनीच दिला.

खाटेवरच्या बाईला यातलं काहीच कळलं नव्हतं. आईच्याच वयाची, कपाळावर गोंदण. तिने माझा हात धरला.

"तुना हात इतला थंडा काबर शे, माय?"

"काही नाही, अक्का. धावत आले." मग आवाज सावरायला म्हणून विचारलं, "तुमचा खरा जन्म कधीचा?"

"आखाजीना," ती लगेच म्हणाली. आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय तृतीया. "झोका बांधी राहिंतात, तवय मी जलमनू. तो एक जून मास्तरना शे."

खाली माझ्या टेबलावर तिच्या नावापुढची खूण अजून हिरवीच असणार होती. हे आठवलं आणि मी तिचा हात घट्ट धरला. तिने दुसरा हातही माझ्या हातावर ठेवला. तापाने तो चांगलाच गरम होता.

"घाबरू नको, बेटा," ती म्हणाली. "माले काय व्हई?"