रुपालीने माझ्या फेट्याला बूट पुसले

बहारीनमधल्या सनाबिसच्या हॉलबाहेर भरल्या गर्दीसमोर मी जिला नाव घेऊन शिव्या घातल्या, ती रुपाली चौगुले मला बहिणीसारखी आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण तो व्हिडिओ अजून फिरतोय आणि लोक मलाच विचारतात, शिवदास, तुमचं भांडण मिटलं का?

रुपाली आमच्या शिरोळकडची. वडिलांच्या तालमीत वाढली, जत्रेच्या मैदानांत कुस्त्या मारल्या. लग्न होऊन बहारीनला आली आणि इथल्या बायकांच्या जिममध्ये ट्रेनर झाली. मी टॅक्सी चालवतो. कधी तिला जिमवर सोडलं, तर वाटभर कुस्तीशिवाय दुसरा विषय नाही.

गेल्या हिवाळ्यात जपानी कुस्तीगीर बायकांचा संच दोन दिवसांच्या खेळासाठी इथे आला. त्यांचा सराव रुपालीच्याच जिममध्ये चालायचा. त्यांची कुस्ती आपल्या मातीतल्यासारखी नाही. एक नायिका, एक खलनायिका. जिंकणार कोण ते आधीच ठरलेलं. पण उचलून आपटणं खरं, आणि हाड मोडलं तर तेही खरं. सरावात त्यांच्या खलनायिकेचा गुडघा गेला. त्यांच्या वस्ताद तोमोएबाई, स्वतः जुन्या गाजलेल्या खलनायिका. त्यांनी रुपालीला रिंगमध्ये उतरवून पाहिलं आणि विचारलं, पहिल्या दिवशी खलनायिका करतेस? लोकांना तुझा मनापासून राग आला, तर दुसरा दिवसही तुझा, आणि पुढे शिकायला जपानला चल. राग नाही आला, तर तिथेच संपलं.

रुपालीने आम्हा इथल्या मराठी मंडळाच्या लोकांना आधीच बजावलं होतं.

"दादा, तितं मला जिंकायचं न्हाई. लोकांनी मला शिव्या घातल्या पायजेत. माझ्या नावानं ओरडू नका."

"बरं बरं," आम्ही म्हणालो. पण आपली पोरगी रिंगमध्ये उतरणार आणि आम्ही गप्प बसणार, हे होणं शक्य होतं का? मी गावाहून आणलेला कोल्हापुरी फेटा डोक्याला बांधला. खेळ झाल्यावर तोच तिच्या डोक्याला बांधायचा, आपल्या मैदानात बांधतात तसा, असं मी मनात पक्कं केलेलं. मंडळातल्या संतोषने हलगी घेतली. आम्ही पहिल्या दोन रांगा अडवून बसलो.

रुपाली आली तेव्हा मी तिला ओळखलंच नाही. तोंड काळंनिळं रंगवलेलं, हातात बांबूची काठी, चाल अशी की पुढचा माणूस बाजूलाच व्हावा. समोर पांढऱ्या कपड्यांतली नायिका, अकाने. घंटा झाली आणि संतोषची हलगी कडाडली. रुपालीने अकानेचे केस ओढले, आम्ही टाळ्या वाजवल्या. पाठीत काठी घातली, आम्ही शिट्ट्या मारल्या. "रुपाली, रुपाली!" आमचं बघून मागचे मल्याळी आणि बहारीनीही तिचंच नाव घ्यायला लागले. अकाने मार खात होती आणि तिच्या बाजूने हॉलमध्ये एक माणूस नव्हता. आम्हाला वाटलं, काय रंग भरलाय.

पडद्याजवळ तोमोएबाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्यांनी रुपालीकडे पाहून मान आडवी हलवली. आता बस, असं.

रुपाली तशीच रिंगमधून खाली उतरली आणि सरळ माझ्यासमोर आली. मी हसून तिला टाळी द्यायला हात पुढे केला. तिने माझ्या डोक्यावरचा फेटा हिसकावला. एक पाय खुर्चीवर ठेवला आणि त्या फेट्याने स्वतःचे बूट पुसले. आधी एक, मग दुसरा. मग तो माझ्या तोंडावर फेकला.

माझं डोकंच फिरलं. सगळं कबूल, पण फेटा? पैलवानाची लेक तू! मी खुर्चीवर चढलो आणि घसा फाटेस्तोवर ओरडलो, "अकाने! पाड हिला! सोडू नको!" आमच्या दोन्ही रांगा उठल्या. संतोषची हलगी अकानेसाठी वाजायला लागली आणि सगळा हॉल रुपालीवर उलटला. अकानेने तिला डोक्यावर उचलून आपटलं तेव्हा लोक नाचले. मीही नाचलो.

खेळ संपला तसा मी तणतणत आत गेलो. रुपाली जमिनीवर बसली होती, पाठीला बर्फ लावून, आणि रडत होती. तोमोएबाई तिच्यासमोर, त्यांच्याकडे मान देतात तशा, कमरेत वाकून उभ्या होत्या, आणि मागे अकानेही.

"दादा, तुमी वरडला नसता तर माझं खलास होतं," रुपाली म्हणाली. "दुसऱ्या कुणाच्या फेट्याला हात लावायचं धाडस न्हवतं मला."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी फेटा झटकला, बुटांचे डाग तसेच ठेवून तिच्या डोक्याला बांधला. हरलेल्या पैलवानाला फेटा बांधताना मी कधी पाहिलं नव्हतं. पण छाती फुगली होती. हिच्या वडिलांनी हे बघायला हवं होतं.

थोड्या वेळाने तिने तो काढून माझ्या हातात दिला.

"भाईर लोक थांबल्यात. उद्या परत खेळ हाय. चला, तुमी फुडं व्हा."

ती बाहेर आली तेव्हा पार्किंगमध्ये गर्दी होती. मी सगळ्यांच्या पुढे उभा राहिलो, डाग पडलेला फेटा दोन्ही हातांनी उंच धरला आणि भरल्या डोळ्यांनी तिला ठेवणीतल्या शिव्या घातल्या.