नळीतलं बोलणं

सेलूत माझं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान होतं. नामांतराच्या त्या वर्षांत आज बंद, उद्या एसटी नाही, असं चालायचं, म्हणून एक जुनी फटफटी घेतली. बायकोला माहेरी गंगाखेडला न्यायचं ते त्याच फटफटीवर. ती मागे एका अंगाला बसून बोलायची, पण वाऱ्यात तिचा शब्द कुठल्या कुठे जायचा.

बोलायला आम्हाला तेवढीच जागा होती. घरात सासूसासऱ्यांदेखत तिनं माझ्याशी बोलायची रीत नव्हती. मला भाकरी वाढू का, हेसुद्धा ती आईला विचारायची आणि आई मला.

मग मी डोकं लढवलं. गवंडी पातळी बघायला वापरतात ती नळी दोन हात घेतली. एका टोकाला छोटं नरसाळं बसवलं, दुसरं टोक माझ्या कानात, वरून मफलर. नरसाळ्यात ती बोलली की आवाज थेट माझ्या कानात. स्वतःवर मी जाम खूश. उलट बोलण्यासाठी दुसरी नळी लावायचा मात्र कंटाळा केला. माझं उत्तर म्हणजे मान हलवणं. नवऱ्याला एवढं पुरे, असं मी दुकानात हसत सांगायचोसुद्धा.

पहिल्या फेरीला ती नुसतीच हसली. पुढं बोलायला लागली ती थांबेचना. जाऊ काय म्हणाली, आईनं कुणासमोर काय टोमणा मारला, सगळं साठलेलं. दिवसभर गिऱ्हाइकांची कटकट ऐकून माझे कान किटलेले असायचे. एकदा परभणी मागे पडल्यावर मी मफलरमध्ये बोटं घातली, नळी कानातून काढली आणि गळ्याशी खोचून टाकली. मान तेवढी अंदाजानं हलवत राहिलो.

गंगाखेडला उतरल्यावर ती माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मी म्हटलं, "चल की." ती आत गेली. त्यानंतर तिनं ते नरसाळं हातात धरलं नाही. मला वाटलं, कंटाळली असेल. बरंच झालं, असंही वाटलं. आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा वाटलं होतं.

वर्षभरानं मोठ्या दवाखान्यात डॉक्टर मला म्हणाले, गाठ एवढी वाढेस्तोवर काय करत होतात? बाहेर बाकड्यावर येऊन मी तिच्यावरच खेकसलो, "अगं, मला सांगायचं न्हाई का?"

तिचा आवाज काही चढला नाही. "सांगितलं की. परभणीच्या म्होरं, नळीत. काखंपाशी गाठ लागायलीय हाताला, म्हणलं. तुमी मान हलवली. मला वाटलं, इचार करायलेत, नेतील दवाखान्यात. मंग तुमी काईच बोलला न्हाईत."

खरं सांगायचं तर म्हणावं लागलं असतं, तुझं ऐकायचा कंटाळा आला म्हणून नळी काढली होती.

"ऐकू आलं व्हतं ना तुमाला?" तिनं विचारलं.

मी मान हलवली.

दिवाळीच्या आधीच ती गेली. नवऱ्यानं सगळं ऐकलं आणि काही केलं नाही, असं समजून गेली.