व्याह्याचं ‘हं’

२०२२ साल. मी चौसष्ट वर्षांचा होतो आणि निफाडजवळच्या एका द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये सुपरवायझर झालो होतो. शाळा तिसरीपर्यंत, तीही अधूनमधून. बाकी जन्म दुसऱ्यांच्या बागा छाटण्यात गेला. आधीचा सुपरवायझर भर हंगामात सोडून गेला. मालकाला घड निवडणाऱ्या बायांवर लक्ष ठेवायला कुणीतरी वयस्कर हवा होता, म्हणून त्यानं मला पांढरा कोट चढवला, डोक्याला जाळीची टोपी दिली आणि एक खुर्ची दिली. मी गावभर सांगून मोकळा झालो. आता ती खुर्ची गेली असती, तर ज्यांच्यापुढं मिरवलं त्यांच्याच बागेत परत कात्री घेऊन जावं लागलं असतं.

आणि खुर्ची जाणारच होती. बसलो की वाटायचं, आत्ता कुणीतरी येऊन म्हणेल, “ए बाबा, ऊठ, ही साहेबाची जागा हाय.” बाया घड दाखवायच्या. “बाबा, हा चालंल का?” मी म्हणायचो, “तुम्हीच बघा की.” मग त्या तोंडाला पदर लावून हसायच्या. मालकानं एकदा बाजूला घेऊन सांगितलं, “बाबा, असं चालणार नाय. हा आठवडा बघतो.”

त्याच आठवड्यात नाशिकहून एक मास्तर आला. भिंतीवर चित्रं पाडून आम्हाला आत्मविश्वास शिकवायला. रोज सकाळी आरशात बघायचं आणि म्हणायचं, मी करू शकतो. असल्या गोष्टी सांगायला माणूस टाय बांधून येतो आणि जेवूनही जातो. मी घरी एकदा करून पाहिलं. आरशात दाढीची खुंटं वाढलेला म्हातारा दिसला. मोरीबाहेरून बायको म्हणाली, “कुणाशी बोलताय? पाणी तापलं नाय का?”

तेव्हा मला माझा व्याही आठवला.

माझ्या मुलीचा सासरा. विंचूरच्या अलीकडं त्याची बाग. लग्नात तो मांडवभर हात मागं बांधून, पोट पुढं काढून हिंडला. एका खांबापुढं थांबला, वर बघितलं आणि म्हणाला, “हं.” एवढंच. मांडववाल्यानं लगेच माणसं बोलावली आणि तो खांब उपटून हातभर सरकवला. का सरकवला, कुणी विचारलं नाही. व्याह्याला मांडवातलं ओ का ठो कळत नव्हतं. पण तो वरबाप होता, आणि वरबाप ‘हं’ म्हणाला की मुलीकडच्यांनी पळायचं असतं. मीही पळालो होतो. वरातीच्या घोड्याकडं बघून ‘हं’ म्हणाला, तर मी घोडा पुसून घेतला.

दुसऱ्या दिवशी मी पॅकहाऊसमध्ये माझा व्याही होऊन गेलो. हात मागं. पोट मला फारसं नाही, होतं तेवढं पुढं काढलं. पहिल्या टेबलापाशी थांबलो, पेटीत बघितलं, म्हणालो, “हं.”

बाईनं सगळी पेटी रिकामी करून परत भरली.

काय सांगू! पुढच्या टेबलावर मी पोचायच्या आधीच हात भराभर चालायला लागले. कंपनीचा शिकलेला तपासनीस आला, कागद पुढं करून काहीतरी इंग्रजीत बोलला. मी म्हणालो, “हं.” तो थबकला, परत मोजलं आणि आपलीच चूक काढून मला सॉरी म्हणाला. मी ज्या दिवशी खरं बोलत होतो, “तुम्हीच बघा” म्हणत होतो, त्या दिवशी हेच लोक हसत होते. माणसाची जात अशी. मेंढरं बरी, त्यांना निदान काठी तरी दाखवावी लागते. मालक म्हणाला, “बाबा, आता जमलं तुम्हाला.” आठवडा उलटून गेला, खुर्ची राहिली.

मग अवकाळी पाऊस झाला, आणि दोन दिवसांनी खुद्द व्याही पिकअप भरून माल घेऊन दारात.

“काय पाव्हणं, खुर्ची मिळाली म्हणं! घ्या उतरवून. आपलाच माल हाय.”

मी क्रेटमधला एक घड उचलला. मण्यांना तडे गेले होते, रस गळून हाताला चिकटत होता. आंधळ्यालाही कळलं असतं. मी हात मागं बांधले आणि म्हणालो, “हं.”

व्याह्यानं माझ्याकडं बघितलं. हात मागं बांधले, पोट पुढं काढलं आणि म्हणाला, “हं.”

असे आम्ही दोघं समोरासमोर. मागं एक बाई फिसकन हसली. ज्याचं ‘हं’ त्याच्यापुढं चालत नाही, हे मला तेव्हा कळलं. मालक कचेरीच्या दारातून बघत होता. मी हात सोडले.

“मणी तडकलेत,” मी म्हणालो. “हा माल घेता येणार नाय. परत न्या.”

“तुमची पोरगी आमच्या घरात नांदती. ध्यानात हाय ना?”

“पोरगी दिली, पॅकहाऊस नाय दिलं.”

बोलून गेलो आणि घड परत क्रेटमध्ये टाकला. पिकअप धूळ उडवत गेली. बायांपैकी कुणी हसलं नाही.

संध्याकाळी मुलीचा फोन. “आण्णा, काय करून बसलात? मामंजी रुसलेत. ते जेवले नाहीत म्हणून सासूबाई जेवत नाहीत, त्या जेवत नाहीत म्हणून मला जेवता येत नाही. टॉवेल-टोपी घेऊन या आणि मिटवा.”

“आणि माल घेऊ?”

“माल घ्या म्हणाले का मी? सडका माल कशाला घेता? पण मला इथं राहायचंय. तुमचं काय, फोन ठेवला की सुटलात.”

बायकोनं पेटीतून नवा टॉवेल काढून माझ्यापुढं आपटला. मी हात लावला नाही. एका सडक्या घडासाठी साठीचा माणूस जेवण सोडून बसतो आणि सगळं घर त्याच्या पोटाभोवती उपाशी बसतं, आणि याला म्हणे घरंदाजपणा! पण मुलगी उपाशी होती, ते मला गिळता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाचा कोट घालूनच मी व्याह्याच्या ओट्यावर गेलो, रिकाम्या हातानं. व्याही खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडला होता. मुलीच्या सासरी मी आजवर पाण्याचा घोटही घेतला नव्हता. आमच्यात मुलीचा बाप घेत नाही. मी खाली बसलो आणि आत हाक मारली, “पोरी, मला भूक लागली, वाढ काय असंल ते.” आत भांडी थबकली. तिनं पोह्यांच्या दोन ताटल्या आणल्या, एक माझ्यापुढं ठेवली, एक खाटेपाशी. मी खायला लागलो. व्याह्यानं मान वळवून माझ्या ताटलीकडं बघितलं. मी शेंगदाणेसुद्धा वेचून खाल्ले, आणखी मागितले. मग हात धुतले आणि त्याला म्हणालो, “चांगला माल असंल तेव्हा आणा, घेऊ,” आणि कामाची पाळी चुकू नये म्हणून फाट्याकडं चालायला लागलो. मागं खाटेपाशी ताटली वाजली, मग आत भांडी.