रॉस्कोची हाक

आमच्या डेटनच्या वेस्ट साइडला पोरं गाडीच्या काचा खाली करून रॅप लावतात. त्यातल्या कितीतरी गाण्यांत एका जुन्या रेकॉर्डवरून उचललेला तुकडा असतो, त्यात रॉस्को पेटवे ड्रम वाजवत असतो. रॉस्कोला जाऊन चाळीस वर्षं झाली. त्याचा धाकटा भाऊ हॉलिस माझ्या सलूनशेजारी एकटाच राहतो. गाडी आली की पडवीत कान टवकारून बसतो, वळणाआड गेली की मान खाली घालतो.

"ग्लोरेथा, गाण्यात एके ठिकाणी सगळे थांबतात," त्यानं मला सांगितलं होतं. "रॉस्को एकटा वाजवतो, मग हाक मारतो, 'ये रे हॉलिस!' अन् मी बास गिटार घेऊन शिरतो. हे रॅपवाले लेकाचे हाकेच्या आधीच कापतात अन् तेवढंच गरगर फिरवतात. माझी पाळीच येत नाही बघ."

त्यांच्या 'ग्रेव्ही डिपार्टमेंट' बँडनं एकच रेकॉर्ड काढली, मोटारीच्या डिकीतून विकली. हॉलिसकडे तिच्या प्रती होत्या त्या तळघरात पाणी शिरलं तेव्हा गेल्या. भावाचा आवाज दुसरीकडे कुठेच उरला नव्हता. ती हाक एकदा ऐकायची, एवढंच त्याचं मागणं.

परवा माझी बहीण नॅडीन ब्राँक्सहून कायमची परत आली. तिचा नवरा तिकडे गल्लीतल्या पार्ट्यांना रेकॉर्ड लावायचा. तो गेला, त्याच्या रेकॉर्डची खोकी हिच्या गळ्यात.

"एकीला लेबलच नाही बघ," नॅडीन म्हणाली. "बाथटबात भिजवून खरवडायचा. का, तर दुसऱ्या डीजेला नाव कळू नये. आमच्या अंघोळीची बोंब!"

तिनं लावली. ड्रम ऐकताच मी सुई उचलली आणि हॉलिसला बोलावलं. तो चर्चचा कोट, टाय घालून आला.

"लग्नाला आलात की काय?" नॅडीन हसली.

"भावाला भेटायला आलोय, बाई."

सुई टेकली. ट्रम्पेट वाजले, सगळे थांबले, आणि तळणीत मासे सोडावेत तशी खरखर सुरू झाली. नॅडीनच्या नवऱ्यानं पार्ट्यांत तेवढाच ड्रमचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवायला वर्षानुवर्षं नेमक्या त्याच जागी सुई ठेवून, हातानं मागं फिरवून फिरवून खाच पार झिजवून टाकली होती. ड्रम खोल विहिरीतून आल्यासारखे. हाकेच्या जागी नुसती खरखर. नॅडीननं माझ्याकडे बघायचं टाळलं.

आणि त्या खरखरीतून बास गिटार शिरली. गोल, स्वच्छ. हॉलिसची सुजलेली बोटं गुडघ्यावर हलू लागली.

गाणं संपलं. "माफ करा हो," नॅडीन पुटपुटली. "हाक आमच्या माणसानं खाल्ली."

"मारलीय त्यानं हाक," हॉलिस म्हणाला. "त्यानं बोलावल्याशिवाय मी कधी शिरलोच नाही."

पुन्हा लावू का विचारलं, तर नको म्हणाला. रेकॉर्ड मात्र छातीशी धरून घरी घेऊन गेला. त्याच्या घरी ती वाजवायला काही नाही, हे मला ठाऊक होतं. त्यालाही होतंच.