टोपी कुणी उतरवायची

इंद्रसिंग गिरासे नंदुरबारच्या कॉलेजात नाट्यशास्त्राचे प्राध्यापक झाले, तेव्हा गावी, रनाळ्यात, त्यांच्या वडिलांनी आधी पेढे वाटले आणि मग हळूच विचारलं, "नाटक शिकाडाना बी पगार भेटस का रे?" पगार मिळत होता. मान मिळायला मात्र बरीच वर्षं लागली. गॅदरिंग जवळ आलं की प्राचार्यांना गिरासे सर आठवायचे. एरवी त्यांचा वर्ग म्हणजे मोडक्या बाकांची खोली.

पण त्या खोलीत सरांचा एक हट्ट चालायचा. आपल्या घरचं माणूस कुणी रंगवायचं नाही. तापीकाठच्या शेतकऱ्याच्या मुलाने डोंगरातला बाप व्हायचं, डोंगरातल्या मुलीने तापीकाठची सासू, आणि तेही त्या घरच्या बोलीत. बोली ज्याची, तोच मास्तर. पालक तक्रारी घेऊन यायचे. सर त्यांना चहा पाजायचे, सगळं ऐकून घ्यायचे आणि करायचं तेच करायचे.

यंदा सर निवृत्त होणार होते, आणि हा हट्ट पुढे चालवील अशी एकच मुलगी त्यांना दिसत होती, डोंगरातल्या मणिबेलीची रंजिता वसावे. तिला नाटकाचंच पुढचं शिक्षण घ्यायचं होतं. तिचे वडील छगनभाऊ अडून बसले होते. "शहरात आमचं सोंग काढून लोक हसतात," ते म्हणाले. "आधी आमच्या अंगणात करून दाखवा. टिंगल दिसली, तर पोरगी घरी."

म्हणून ही सगळी वरात धरणाच्या पाण्यावरून होडीने मणिबेलीला आली. नाटक होतं सोयरीक ठरवण्याचं. तिकडे मुलाकडचे मागणी घालायला येतात, देज, म्हणजे मुलीसाठीचे पैसे, तेही तेच देतात, आणि मुलीचा बाप खाटेवर ऐटीत बसतो. तो बाप होता तापीकाठच्या कोरीटचा भाग्येश. मुलाचा बाप नंदुरबारचा आतिफ. दोघांना भिली बोली शिकवणारी रंजिता दोन साड्यांच्या पडद्याआड संवादांची वही धरून बसली होती.

सुरुवात झकास झाली. मग देजावरून आतिफने ठरल्याप्रमाणे आवाज चढवला आणि भाग्येश गडबडला. खाटेवरून उठला, डोक्यावरची टोपी काढली, आतिफच्या पायाशी ठेवली आणि हात जोडून उभा राहिला.

अंगणात एकदम हशा फुटला. बाया पदरात तोंड लपवून हसत होत्या. तालमीत हा पोरगा एकदाही चुकला नव्हता, आणि आज, नेमका आज! छगनभाऊंकडे बघायचा त्यांना धीर होईना.

तेवढ्यात साड्या बाजूला सारून रंजिता बाहेर आली. कमरेवर हात ठेवून तिने भाग्येशला भिलीत झापलं, "अरे, मुलगी तुझी, आणि हात तूच जोडतोस? बस खाटेवर!" आतिफ भलता हुशार. त्याने टोपी उचलली, झटकली, भाग्येशच्या डोक्यावर ठेवली आणि स्वतःच हात जोडून म्हणाला, "चुकलो, व्याही!" मग तर अंगण डोक्यावर घेतलं लोकांनी. सरांनी भीत भीत पाहिलं. छगनभाऊ मांडीवर थापा मारत हसत होते, डोळे पुसत होते. सरांचा जीव भांड्यात पडला.

नाटक संपल्यावर जेवताना छगनभाऊंनी भाग्येशला शेजारी बसवलं. "टोपी काढायचं तुला कुणी शिकवलं?"

भाग्येश मान खाली घालून म्हणाला, "कोनीच नही. ताईना लगनमा मन्हा बापनी अशीच ठेयेल व्हती. तेच याद उनं."

बाजाराला जाऊन जाऊन छगनभाऊंना अहिराणी कळत होती. आता मात्र कुणी हसलं नाही. सरांनी हातातला घास तसाच ठेवला. त्यांच्या मुलीच्या, ममताच्या लग्नात तेही मुलाकडच्यांपुढे वाकले होते. डोक्यावर टोपी नव्हती, एवढंच. जन्मभर दुसऱ्यांची घरं दाखवणाऱ्या माणसाला स्वतःचं घर आठवून लाज वाटली.

छगनभाऊंनी भाग्येशच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाले, "सर, शिकू दे रंजिताला पुढे."

सर काही बोलणार, तोच त्यांनी बोट वर केलं. "फक्त तुमच्याकडची सोयरीक सुचवायची नाही."

"नाही सुचवणार," सर म्हणाले, आणि खूप दिवसांनी पोटभर जेवले.